निक्षेप कीं स्वत्व? शिकवणीच्या संग्रहांतील आदिवासी देववस्तूंचा सांभाळ

१

जुन्या पोथ्यांचे लेखक ग्रंथ पुरा झाल्यावर शेवटीं वाचकांस एक विनवणी करीत, हें पोथीसंग्राहकांस सांगावयास नकोच. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि अडाण्याच्या हातापासून पोथीला जपा, असा तिचा आशय असे. आपण सर्व संग्राहक ह्या विनवणीवरच वाढलों. पोथी तांबड्या फडक्यांत बांधावी, दोहों बाजूंस लांकडी फळ्या द्याव्या, कडूनिंबाचा पाला घालावा, पावसाळा सरल्यावर सावलींत वारा दाखवावा, हें आपल्या अंगवळणीं पडलें आहे. वस्तु हातीं आली कीं ती टिकवावयाची, हाच संग्राहकाचा धर्म असें आम्हींही पस्तीस वर्षें मानिलें व मुलांस शिकविलें. प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें तें हें कीं, हा धर्म प्रत्येक वस्तूस सारखा लागू पडत नाहीं. कांहीं वस्तू झिजून जाण्यासाठींच घडविलेल्या असतात. कांहीं झांकून ठेवण्यासाठीं असतात. आणि कांहींचा धनी अद्यापि हयात असून आपल्या शेजारींच राहत असतो.

हा विचार मोठ्या संग्रहालयांहून लहान संग्रहांस अधिक लागू आहे. मोठ्या संग्रहालयांत निदान नोंदवही असते व तिचा जाब देणारा अधिकारी असतो. शाळा-महाविद्यालयांतून अध्यापनाच्या सोयीसाठीं जे लहान संग्रह केलेले असतात, त्यांस आम्हीं येथें 'शिकवणीचे संग्रह' असें म्हटलें आहे. एक कांचेचें कपाट, त्यांत चार जुनीं नाणीं, कांहीं खापरें, एखादा कोरीव दगडाचा तुकडा. आणि त्यांच्याच शेजारीं 'आदिवासी कला' अशा चिठ्ठीखालीं एक तारपा, मोरपिसांची एक जुडी, शेंदूर फांसलेली एक लांकडी फळी. सहलीस गेलेल्या शिक्षकानें आणावें, माजी विद्यार्थ्यानें भेट द्यावें, निवृत्त होणारानें मागें ठेवावें, अशा रीतीनें हीं कपाटें भरतात. कोणीं कोणाकडून काय घेतलें, ह्याचा लेख बहुधा नसतो.

२

मुंबईच्या उपनगरांची गोष्ट ह्या बाबतींत विशेष आहे. साष्टी बेटाच्या मध्यावर कान्हेरीच्या डोंगरांचा जो पट्टा आहे, तो आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ह्या नांवानें सुमारें १०४ चौरस किलोमीटर क्षेत्राचा आहे. पश्चिमेस बोरिवली, पूर्वेस मुलुंड. आणि दक्षिणेस गोरेगांवच्या बाजूस लागून आरेची दुग्धवसाहत, जी १९४९ सालीं स्थापन झाली. ह्या डोंगरांत व आरेंत वारली, मल्हार कोळी, महादेव कोळी, कोकणा, काथोडी, दुबळा अशा जमातींचे पाडे आहेत. कान्हेरीचीं व कोंडिवट्याचीं लेणीं, मंडपेश्वर, एकसरचे वीरगळ ह्यांवर संशोधकांनीं पुष्कळ लिहिलें आहे. कान्हेरीस जाणारा संशोधक ह्या पाड्यांच्या मुलुखांतूनच जातो, परंतु बहुधा न थांबतां जातो. वारल्यांचें स्वतंत्र वर्णन करणारा के. जे. सावे यांचा इंग्रजी ग्रंथ १९४५ सालीं मुंबईसच प्रसिद्ध झाला. तो आपल्या कपाटांत असला तरी त्यांत ज्यांचें वर्णन आहे ते लोक आपल्या शेजारचे आहेत, हें आपल्या ध्यानांत राहत नाहीं.

लंडनच्या संग्रहालयांतील वस्तूचा मूळ धनी सात समुद्रांपलीकडे असतो. बोरिवलीच्या शाळेंतील कपाटाचा धनी अर्ध्या तासाच्या वाटेवर असतो, आणि कित्येकदां त्याचा नातू त्याच शाळेच्या बाकावर बसलेला असतो. म्हणून परदेशीं जो प्रश्न दोन सरकारांचा किंवा दोन संस्थांचा होतो, तो येथें गुरु व शिष्य ह्यांच्या दरम्यानचा आहे.

३

आतां ह्या वस्तू काय आहेत तें पाहूं. सरसकट 'आदिवासी कला' ह्या एका चिठ्ठीनें त्यांचा बोध होत नाहीं. त्यांचे निदान पांच प्रकार मानावे लागतात.

पहिला प्रकार वाघोबाचा. लांकडी फळीवर अथवा दगडावर वाघाची आकृति, बहुधा वर चंद्र-सूर्य, आणि अंगभर शेंदूर. हा देव झाडाखालीं, उघड्यावर बसतो. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे वाघबारसेस, त्याची पूजा होते. वारली मुलुखांतील वाघोबाच्या स्थानांचा एक अभ्यास २०२१ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत दीडशेंहून अधिक स्थानें नोंदलीं गेलीं. बोरिवली व आरेच्या रानांत बिबट्या आजही फिरतो. तेव्हां तेथें वाघोबा ही कोण्या गतकाळाची आठवण नसून चालू व्यवहारांतील देवता आहे. ऊन, पाऊस, वाळवी ह्यांनीं लांकडी फळी झिजते, आणि झिजणें हें तिच्या प्रकृतीस धरूनच आहे.

दुसरा प्रकार घरांतील देवांचा. वारल्यांचा हिरवा हा देव मोरपिसांच्या जुडीच्या रूपानें घरांत असतो. तो कुळाचा आहे, गांवाचा नव्हे. परक्यानें पाहावा म्हणून तो मांडलेला नसतो. कपाटांत उलगडून ठेविलेली जुडी पाहणाराला शोभेची दिसते. ज्याच्या घरची ती आहे त्याला आपलें देवघर चव्हाट्यावर मांडल्यासारखें वाटतें.

तिसरा प्रकार प्रसंगापुरत्या वस्तूंचा. लग्नाचा चौक हें त्याचें उत्तम उदाहरण. गेरू अथवा शेणानें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें सवाशिणी तो काढितात. मध्यें पालघट देवी असते. धवलेरी गाणीं गाते. भगत देवतांस पाचारण करितो. चौक पुरा झाल्यावर कांहीं काळ वस्त्रानें झांकून मग उघडण्याची रीत आहे. लग्न झालें कीं त्याचें काम संपलें. पुढें तो पुसट होतो, भिंत पुन्हां सारविली जाते. असा चौक भिंतीच्या पापुद्र्यासकट उचलून आणणें म्हणजे मंगलाष्टकें संपल्यावर अंतरपाट चौकटींत बसविण्यासारखें आहे.

चौथा प्रकार वापराच्या वस्तूंचा. तारपा हा वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा व मेण ह्यांचा केलेला असतो. नव्या भाताच्या दिवसांत रात्री तो वाजतो व त्याभोंवतीं नाच फिरतो. तो भिंतीवर टांगला म्हणजे लांकडा-पानांचा सांगाडा मात्र उरतो.

पांचवा प्रकार विक्रीसाठीं केलेल्या वस्तूंचा, आणि तो वरील चारांहून निराळा ठेविला पाहिजे. १९७० नंतरच्या दशकांत भास्कर कुलकर्णी यांनीं डहाणूच्या बाजूस जाऊन वारल्यांस कागद दिले. जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांच्या हातून भिंतीवरची रेषा कागदावर आली, आणि २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. असें कागदी वा कापडी चित्र खुशाल विकत घ्यावें, टांगावें, मुलांस दाखवावें. तें त्यासाठींच काढलेलें आहे. तेथें आपला दोष असतो तो निराळा: चित्राखालीं 'वारली चित्र' एवढेंच लिहून चित्रकाराचें नांव गाळणें. पोथीच्या शेवटीं लेखकाचें नांव सांपडलें तर आपण आनंदानें नाचतों. आणि समोर बसलेल्या चित्रकाराचें नांव विचारीत नाहीं.

४

आतां आमचा दोष सांगणें प्राप्त आहे. १९८८ सालीं, नोकरीच्या आरंभीं, उपनगरांतील एका शाळेंत संस्कृताबरोबर इतिहासाचे तासही आमच्याकडे असतां, वस्तुसंग्रहाचें कपाट भरण्याचा उत्साह आम्हांस फार होता. एके संध्याकाळीं, दिवेलागण होऊन गेल्यावर, रस्त्याच्या कडेला एका फाटक्या कपड्यांतील तरुणाकडून वाघोबाची एक फळी आम्हीं वीस रुपयांस घेतली. 'कोठून आणलीस?' असें आम्हीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर त्यानें उत्तर दिलें नसतें, हें आम्हांस तेव्हांच कळत होतें. दुसरे दिवशीं फळी पुसून, तिला रोगण लावून आम्हीं कपाटांत उभी केली आणि खालीं चिठ्ठी लाविली: 'वाघदेव. जंगली लोकांची मूर्ति.'

पुढें कांहीं वर्षांनीं आठवीच्या वर्गांत पाड्यावरचा एक मुलगा होता. इतर मुलें कपाटाशीं गर्दी करीत, तेव्हां तो मागें राही. आणि तास संपल्यावर एकटाच जातांना कपाटापुढें चपला काढून मग पुढें जाई. त्यास आम्ही शिस्तीचा मुलगा समजत होतों. ती फळी त्याच्या पाड्याची असेल किंवा नसेल. पण त्याच्या देवाला आम्हीं 'जंगली लोकांची मूर्ति' म्हटलेलें तो रोज वाचीत होता, हें आमच्या ध्यानांत निवृत्तीच्या वर्षापर्यंत आलें नाहीं.

५

ह्या प्रश्नास उत्तर परकीय ग्रंथांत शोधण्याचें कारण नाहीं. मनूनें व्यवहाराचीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप आणि अस्वामिविक्रय हीं दोन येतात. निक्षेप म्हणजे विश्वासानें दुसऱ्याकडे ठेविलेली वस्तु. अस्वामिविक्रय म्हणजे धनी नसतां केलेली विक्री. याज्ञवल्क्य स्मृतींतील हीं प्रकरणें आम्हीं विद्यार्थीदशेंत मिताक्षरेसह वाचलीं होतीं. त्यांत खरेदीदारावर चोरीचा दोष केव्हां येतो हें स्पष्ट आहे: जर त्यानें वस्तु ज्याच्यापाशीं ती असण्याचा संभव नाहीं अशा हीन माणसाकडून घेतली, गुपचूप घेतली, फार कमी किंमतीस घेतली, अथवा अवेळीं घेतली तर. निवृत्तीनंतर तें प्रकरण पुन्हां उघडलें तेव्हां रस्त्याची कड, फाटका तरुण, वीस रुपये आणि दिवेलागणीनंतरची वेळ हीं चारही लक्षणें एकेक करून आमच्याच अंगावर आलीं.

उपनिधीचें प्रकरण ह्याहून मोलाचें आहे. बंद पेटींत, आंत काय आहे हें न सांगतां जी वस्तु सोंपवितात ती उपनिधि. ती जशीच्या तशी परत करावयाची. राजा, दैव किंवा चोर ह्यांमुळें ती गेली तर ठेवून घेणारा जबाबदार नाहीं. परंतु धन्यानें मागितल्यावर दिली नाहीं आणि मग गेली, तर तो जबाबदार. आणि धन्याच्या संमतीवांचून तिचा उपभोग घेतला तर दंड, व लाभासह परतफेड. न्यास, निक्षेप इत्यादींसही हेच नियम लावावे असें स्मृति सांगते. आमचें म्हणणें इतकेंच कीं, शिकवणीच्या संग्रहांतील देववस्तूंकडे स्वत्व म्हणून न पाहतां निक्षेप म्हणून पाहावें. त्या आपल्याकडे चुकीच्या वाटेनें आल्या असल्या तरी आपण त्यांचे धनी नव्हे, ठेवकरी आहों. आणि शिकविणें हाही उपभोगच आहे, त्यास संमति लागते.

देवतेस स्वतःचें हित असतें हें तर न्यायालयांनींही मानिलें आहे. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यांतील वादांत १९२५ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें ठरविलें कीं घरची मूर्ति ही हवी तशी हलवावयाची जंगम मालमत्ता नव्हे, तिच्या इच्छेचा विचार झाला पाहिजे. तंजावर जिल्ह्यांतील पत्तूरचा नटराज चोरट्या वाटेनें लंडनास गेला होता. तेथील अपील न्यायालयानें १९९१ सालीं मंदिराचा दावा ग्राह्य धरिला व मूर्ति त्याच वर्षीं स्वदेशीं परत आली. जो न्याय पंचधातूच्या नटराजास मिळाला, तो सावरीच्या वा सागाच्या ओबडधोबड वाघोबास मिळूं नये, असें म्हणण्यास शास्त्राधार आम्हांस सांपडत नाहीं.

६

कायद्याची दृष्टि मात्र येथें अपुरी पडते. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि अधिनियमान्वयें पुरावस्तु होण्यास शंभर वर्षें लागतात, हस्तलिखितांस पंचाहत्तर. चाळीस वर्षांपूर्वीं कोरलेला वाघोबा ह्या कायद्याच्या हिशेबीं कांहींच नव्हे. वयावरून मोल करणें ही आपलीही खोड आहे. परंतु देवाचें देवपण वयावर नसतें. २००७ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी जनांच्या हक्कांच्या घोषणेंत धार्मिक वस्तूंचा वापर व ताबा हा त्या त्या लोकांचा हक्क म्हटला आहे, आणि तिच्या बाजूनें भारतानें मत दिलें होतें. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या १९८६ सालच्या व २००४ सालीं सुधारलेल्या आचारसंहितेंतही, पवित्र वस्तूंचें जतन व प्रदर्शन त्या समाजाच्या श्रद्धेस अनुसरून व्हावें असें आहे.

अमेरिकेंतील झुनी लोकांचें उदाहरण येथें फार बोधप्रद आहे. त्यांचे लांकडी युद्धदेव उघड्या स्थानीं ठेविलेले असतात व ते ऊन-पावसांत झिजून मातीस मिळावे असाच त्यांचा विधि आहे. संग्राहकांनीं ते उचलून संग्रहालयांत नेले. १९७८ पासून झुनींनीं ते परत मागण्यास आरंभ केला व पुष्कळ संग्रहालयांनीं ते दिले. 'तुम्ही ते कुजूं द्याल' हा संग्रहालयांचा आक्षेप होता. 'तेंच त्यांचें काम आहे' हें झुनींचें उत्तर होतें.

हें वाचल्यावर आम्हीं शाळेच्या चालकांची परवानगी घेऊन फळी बाहेर काढली. तो चपला काढणारा विद्यार्थी आतां चाळिशीचा गृहस्थ आहे. त्याच्या सोबतीनें एका पाड्यावर गेलों. तेथील वृद्ध भगतानें ती हातांत घेऊन बराच वेळ पाहिली. हा देव कोणत्या स्थानचा हें त्यास सांगतां आलें नाहीं. पण जुना देव नवा बसविल्यावर झाडाखालींच ठेवितात, माती त्याला नेते, असें तो म्हणाला. मग रोगणावरून बोट फिरवून त्यानें विचारलें, 'गुरुजी, ह्याला हें काय लावलंत?' ह्याचें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं. फळी झाडाच्या मुळाशीं ठेविली गेली. पावसाळ्यानंतर पुन्हां गेलों तेव्हां एका कडेस वाळवी लागली होती. संग्राहकाच्या डोळ्यांस तें पाहवेना. हात पुढें झालाही होता. तो मागें घेतला.

७

ह्यावर एक आक्षेप येईल, व तो हलका नाहीं. संग्राहकांनीं उचलल्या नसत्या तर ह्या वस्तू भंगारांत गेल्या असत्या. वाण्याच्या पुड्यांतून कागद सोडविले नसते तर इतिहास कोठून मिळाला असता? आरेंतील कांहीं पाडे मेट्रोच्या आगारापायीं हालले. पाडा उठून इमारतींत गेला कीं झाडाखालच्या देवाला तेथें जागा नसते, हेंही खरें. परंतु कागद व देव ह्यांत भेद आहे. कागद वाचला जावा हीच त्याची इच्छा, म्हणून त्याला सोडविणें योग्य. शिवाय कागदांच्या बाबतींतही आपल्या वडीलधाऱ्या संशोधकांची चांगली रीत अशी कीं नक्कल उतरून घ्यावी व मूळ धन्यास परत द्यावें. ती रीत आपण सरदारांच्या दफ्तरांपुरती पाळली, पाड्यांपर्यंत नेली नाहीं. आणि ज्या वस्तूचा धनी खरोखरच सांपडत नाहीं, ती टाकून द्यावी असें आम्ही म्हणत नाहीं. निक्षेपाचा धनी परगांवीं गेला म्हणून निक्षेप आपला होत नाहीं, एवढेंच म्हणतों.

८

ज्यांच्याकडे असे संग्रह आहेत त्यांच्या उपयोगासाठीं, अनुभवानें ठरलेले कांहीं नियम येथें देतों.

पहिली नोंद. प्रत्येक वस्तूपुढें ती कोणीं, कोणाकडून, केव्हां, किती पैसे देऊन आणली हें लिहावें. माहीत नसेल तर 'माहीत नाहीं' असें लिहावें. सबब लिहूं नये. वस्तूचें त्यांच्या बोलींतील नांव व करणाराचें नांव मिळवावें.

दुसरें विचारणें. वस्तु दाखवावी कीं झांकावी, कोणीं हात लावावा, परत हवी कीं काय, हें पाड्यावर जाऊन विचारावें, आणि एकाच माणसास विचारून थांबूं नये. चौकाविषयीं सवाशिणींस व धवलेरीस विचारावें, केवळ पुरुषांस नव्हे. पाड्याचा ठाव लागत नसेल तर पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेस (स्थापना १९६२) लिहावें.

तिसरें जतन. उत्तर येईपर्यंत वस्तु आहे तशी ठेवावी. रोगण लावूं नये. शेंदूर खरवडूं नये, कारण त्याचे थर हीच पूजेची बखर आहे. शेंदूर बहुधा शिशाचा असतो, म्हणून हात लाविल्यास धुवावे. तारप्याचें मेण उष्णतेनें सुटतें; त्यास उन्हापासून व दिव्याच्या झोतापासून दूर ठेवावें. पिसांस कीड लागते म्हणून औषधें फवारूं नयेत. परदेशीं परत केलेल्या देववस्तूंवर पूर्वीं मारलेलें सोमल सांपडलें, आणि ज्यांनीं त्या पुन्हां अंगावर धारण करावयाच्या त्यांच्या जिवास धोका झाला. पिसें धुतलेल्या सुती वस्त्रांत गुंडाळून बंद पेटींत ठेवावीं व वरचेवर पाहावीं.

चौथें शिकविणें. ज्या वस्तू दाखवावयाच्या नाहींत त्यांच्याऐवजीं पाड्यावरील कारागिराकडून, योग्य मोल देऊन, शिकवणीसाठींच वस्तु करवून घ्यावी. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयांत त्या त्या जमातींचे लोक स्वतः येऊन आपलीं घरें उभारितात. त्याचा लहान नमुना शाळेंतही होऊं शकतो. तारपा तर वाजविणारास बोलावून वर्गांतच ऐकवावा.

आमच्या जुन्या कपाटाची व्यवस्था ह्याप्रमाणें झाली: फळी झाडाखालीं गेली, तारपा दुरुस्त होऊन एका वादकाकडे आहे व वर्षांतून एकदां शाळेंत येतो, चित्रांखालीं चित्रकारांचीं नांवें लागलीं. मोरपिसांच्या जुडीचें घर अजून सांपडलें नाहीं. ती पांढऱ्या वस्त्रांत बांधलेली आहे, आणि पेटीवर चिठ्ठी आहे: 'हिरवा. एका वारली कुळाचा देव. शाळेकडे ठेव म्हणून आहे. उघडूं नये. धन्याचा शोध चालू आहे.'

ही चिठ्ठी जुन्या चिठ्ठीहून थोडी लांब झाली आहे. आपल्या संग्रहांतील कोणत्या पेट्यांवर अशी चिठ्ठी लाविली पाहिजे, हें सभासदांनीं एकदां कपाट उघडून पाहावें, इतकीच विनंती आहे. इत्यलम्.